आमची वाटचाल : कॅसेटपासून पेनड्राइव्हपर्यंत

1982च्या एशियाडच्या सुमारास देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, मागोमाग व्हिडिओ कॅसेट चालवणारे व्हीसीआर आले आणि चिपळुणात वडिलांनी दुरुस्तीचं दुकान थाटलं. लग्नाच्या कॅसेटच्या कॉप्या करणं हे तेव्हाचं मोठं काम. दोन व्हीसीआर अँटेनाच्या वायरीने जोडले तरी कॉपी व्हायची, पण वडील चित्र आणि आवाज थेट नेणाऱ्या एव्ही पिनाच लावत. अँटेनाच्या सॉकेटमधून चित्र आधी चॅनेलवर चढवावं लागतं, मग उतरवावं लागतं आणि त्यात मुंग्या वाढतात. कॉपीवरून कॉपी तर ते कधीच करत नसत. गिऱ्हाइकाला मास्टर कॅसेटच आणायला लावायचे.

मधली डीव्हीडीची वर्षं भराभर गेली. आता आमचं काम म्हणजे जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देणं. पद्धत मात्र वडिलांचीच आहे : आधी जोडणी, मग बाकी सगळं. व्हीएचएसच्या, म्हणजे घरोघरच्या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटच्या, फितीवर प्रकाश आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. एव्हीच्या पिवळ्या पिनमधून ते एकत्र येतात, एस-व्हिडिओच्या वायरीतून वेगळेच राहतात. म्हणून आम्ही एस-व्हिडिओची जोडणी असलेला एस-व्हीएचएसचा प्लेअर वापरतो. त्याच्यापुढे चित्राच्या ओळी सरळ करणारा टाइम बेस करेक्टर लावतो, मग चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड. फीत जुनी झाली की ओळी थरथरतात. त्या सरळ केल्या नाहीत तर कार्ड फ्रेम गाळतं आणि मंगलाष्टकं आणि ओठ यांचा मेळ सुटतो.

मिनीडीव्हीचं, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटचं, वेगळं. तिच्यावरचं चित्र मुळातच डिजिटल असतं, ते फायरवायर नावाच्या डिजिटल जोडणीने जसंच्या तसं उतरतं. तीच कॅसेट पिवळ्या पिनने घेणं म्हणजे हातचं घालवणं. फायरवायरच्या कार्डासाठी एक जुना संगणक आम्ही जिवापाड जपला आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटही येतात. आपल्या पाल या प्रक्षेपण पद्धतीत 625 ओळी आणि सेकंदाला 25 फ्रेम, तिकडच्या एनटीएससीत 525 आणि 29.97. साध्या व्हीसीआरवर अशी कॅसेट धड दिसत नाही. ती आम्ही दोन्ही पद्धती चालवणाऱ्या मल्टिसिस्टिम व्हीसीआरवर लावतो आणि मूळ पद्धतीतच नोंदवतो.

कोकणात सगळ्यात मोठी वैरीण बुरशी. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट चालवून बघू नका. बुरशी व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या माणसाच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेट साफ करायचं यंत्र आमच्याकडे वेगळं ठेवलं आहे. जुलै 2021च्या पुरानंतर गाळाने भरलेल्या कॅसेट आल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांना एकच विनवलं : उन्हात टाकू नका, ड्रायर लावू नका. त्या खोलून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, सावलीत वाळवून मगच चालवल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. पण ज्यांच्या आईचा आवाज वाचला, त्यांचे चेहरे आठवले की अजूनही भरून येतं.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता सुटे भाग जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात. तुमच्या माळ्यावर बंद पडलेला व्हीसीआर असेल, तर भंगारात देण्याआधी आम्हाला कळवा. योग्य किंमत देऊन घेऊन जाऊ.