गुणगुणता न येणारी गाणी

“मावशी, मोआना 2 ची गाणी पार फसली गं. एकही डोक्यात राहत नाही.”

पुण्याहून भाच्याचा व्हॉइस मेसेज. बारावीला आहे, गिटार चांगली वाजवतो, गाण्यातलं त्याला कळतं. मी इकडे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, बालवाडीतून सुटून बसची वाट बघत होते. डिसेंबरचं कडक ऊन, रस्त्याच्या कडेला पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली. मेसेज दोनदा ऐकला आणि मला राग आला. मोआना 2 म्हणजे पॅसिफिक बेटावरच्या मुलीचा डिस्नेचा 2024 चा कार्टूनपट. त्याच्या गाण्यांवरून एवढं लागायचं कारण काय, हे शोधण्यात आठवडा गेला.

असं म्हणणारा तो एकटा नाही. इथेही ज्याच्या-त्याच्या तोंडी हेच आहे. पहिल्या भागाची गाणी लिहिणारा लिन-मॅन्युएल मिरांडा या वेळी नव्हता. त्याच्या जागी अबिगेल बार्लो आणि एमिली बेअर या दोन तरुण मुली आल्या. लोकांना मिरांडाच चुकल्यासारखा वाटतो. ‘बियॉन्ड’ हे मोआनाचं मुख्य गाणं म्हणजे पहिल्या भागातल्या ‘हाउ फार आय’ल गो’ची सावली, शब्द सपाट, माउई या अर्धदेवाचं ‘ची हू’ नुसता आरडाओरडा, आणि हे सगळं आधी टीव्ही मालिका म्हणून ठरलेलं असल्यामुळे गाणीही मालिकेच्या मापाची, असं बरंच काही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग सणाच्या पाच दिवसांत चित्रपटाने 22 कोटी डॉलरच्या वर धंदा केला, पण गाण्यांचं नाव निघालं की माना हलतात.

यातलं थोडं मलाही पटतं. ‘बियॉन्ड’ खरंच त्याच पायऱ्या चढतं. स्वर कुठे उंच जाणार, कुठे थांबणार, ते आधीच कळतं. ‘गेट लॉस्ट’ मात्र मला फार आवडलं. ते अवहिमाई फ्रेझरने गायलंय, ती इथलीच. तिचा आवाज लागला की थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका ताठ बसल्या. गावच्या पोरीने मैफल मारली की आपण बसतो तशा.

पण भाच्याच्या त्या एका वाक्यावर माझी सुई अडकली. डोक्यात राहत नाही. म्हणजे कुणाच्या डोक्यात? पहिला भाग 2016 चा. तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. माझ्या बहिणीकडे दिवसातून दहा वेळा तीच गाणी, जेवताना तीच, आंघोळीला तीच. डोक्यात राहतील नाही तर काय! आता सतराव्या वर्षी, कानात इअरफोन घालून, अभ्यासाच्या मधे एकदा ऐकून निकाल दिला. गाणं डोक्यात राहायला ते आधी घरात राहावं लागतं.

मी दक्षिण ऑकलंडमध्ये बालवाडीत शिकवते. तीन-चार वर्षांची मुलं. सामोआची, टोंगाची, माओरी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, फिजीतली भारतीय, आणि हल्ली आपल्याकडचीही. ऑकलंडइतके पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिकमधल्या या बेटांवरचे, लोक जगातल्या दुसऱ्या कुठल्याच शहरात नाहीत, त्यामुळे इथे मोआना म्हणजे परदेशी कार्टून नव्हे. आजीचा आवाज करणारी रेचल हाउस इथली, मोआनाच्या वडिलांचा आवाज करणारा टेमुएरा मॉरिसन इथला. आणि गाण्यांतला जो भाग भाच्याने कदाचित पार्श्वसंगीत समजून सोडून दिला असेल, ती समूहगीतं ओपेताइया फोआईंची. जन्म सामोआतला, वाढले ऑकलंडमध्ये, वडील टोकेलाऊचे, आई तुवालूची. ‘ते वाका’ हा त्यांचा चमू 1995 पासून गातोय. दोन्ही भागांत ते आहेत. मिरांडा गेला हे सगळ्यांना कळलं, फोआई राहिले याची दखल फार थोड्यांनी घेतली.

माझ्यासोबत शिकवणाऱ्या एक बाई टोकेलाऊच्या आहेत. मुलं त्यांना ‘फाएआ’ म्हणतात. आपल्या ‘बाई’ किंवा ‘मावशी’सारखा हा माओरी शब्द, मलाही तेच म्हणतात. टोकेलाऊ म्हणजे तीन प्रवाळबेटं, समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. विमानतळ नाही. सामोआहून बोटीने जायचं, त्यालाही दिवसाच्या वर लागतो. 1966 च्या वादळानंतर न्यूझीलंड सरकारने तिथली बरीच कुटुंबं इकडे आणून वसवली, त्यांत यांचे आईवडील. आज बेटांवर दोन हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि त्याच्या कितीतरी पट इकडे. एवढ्याशा लोकांची भाषा जगभरच्या थिएटरांत वाजते आहे.

भाच्याचा मेसेज मी त्यांना इंग्रजीत सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलं चटईवर बसली तेव्हा त्यांनी बिस्किटांचा मोठा रिकामा पत्र्याचा डबा आणला, ठोकळ्यांची लाकडी पेटी पालथी घातली, डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः पेटीवर तळव्याने ठेका धरला. एक कडवं, चार ओळींचं. आधी अगदी सावकाश, बसून. मग तेच कडवं परत, थोडं जलद. मग परत, आणखी जलद, स्वर अर्धा चढवून. चौथ्यांदा मुलं उठली. पाचव्यांदा त्यांचे हात आपोआप एका दिशेला जायला लागले. सातव्यांदा मी पत्रा इतक्या जोरात बडवत होते की अंगठीने डब्याला पोचे पडले. आणि मग एका फटक्यात सगळं थांबलं.

याला फातेले म्हणतात. पेटी आणि पत्र्याचा डबा हीच त्याची खरी वाद्यं, बालवाडीपुरती केलेली सोय नव्हे. बाई घाम पुसत म्हणाल्या, “हे एकट्याने गुणगुणायचं नसतंच. एकट्याने म्हटलं तर त्यात काहीच नाही.”

मला आमच्या गावचं देवळातलं भजन आठवलं. अभंग संथ सुरू व्हायचा, पहिला चरण घोळवत घोळवत. मग मृदंग उठायचा, टाळ जवळ यायचे, आणि शेवटी ‘विठ्ठल विठ्ठल’च्या गजरात चाल उरायचीच नाही, नुसती लय. तो गजर घरी आल्यावर गुणगुणून दाखव म्हटलं तर काय दाखवणार? दोन स्वर आहेत त्यात. पण वीस माणसं उभी राहून म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो. भाच्याला हे मी लिहून पाठवलं. म्हटलं, बाळा, तू गिटारवर बसवून बघितलंस म्हणून तुला ते पोकळ लागलं. वारीत चालताना ऐकलेली गाणी तू कधी गिटारवर बसवलीस का? त्याचं उत्तर आलं, “मावशी, पण मुख्य गाणी तर एकट्याचीच आहेत ना, आणि तीच कमजोर आहेत.” बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं ना, मलाही ते पटतं. पण चित्रपटाचं संगीत म्हणजे तेवढीच चार गाणी, हे कुणी ठरवलं?

‘ची हू’चंही तसंच. ती आरोळी चित्रपटाने शोधून काढलेली नाही. परवा मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. सामोअन मुलाचं नाव पुकारलं की हॉलच्या मागून मामा, काका, आजी, सगळे उभे राहून ‘ची हूऽऽ’. मुख्याध्यापिका थांबतात, हसतात, मगच पुढचं नाव. माझ्या मुलीचं नाव आलं तेव्हा आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो, नेमस्त. मागून शेजारच्या टोंगन कुटुंबाने आरोळी ठोकली. तिच्यासाठी. स्टेजवर तिचा चेहरा असा उजळला की मी मोबाइल खाली घेतला, फोटो काढलाच नाही. त्या आरोळीला कुणी आरडाओरडा म्हटलं की मला ते चेहरे दिसतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्यावर येते. मोआना 2 इथे ज्या दिवशी इंग्रजीत लागला, त्याच दिवशी माओरी भाषेतही लागला. पहिला भाग 2017 मध्ये माओरीत आला होता, मग लायन किंग, फ्रोझन, कोको. मुलीला घेऊन मी दोन्ही पाहिले, आधी इंग्रजी, मग माओरी. आणि ज्या ‘बियॉन्ड’ला मी सपाट म्हटलं, ते माओरीत ऐकताना माझा घसा दाटला. माओरीत प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, त्यामुळे लांबवलेला सूर कुठे व्यंजनावर आपटत नाही. पण बसवायला अवघड, कारण ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलतो. ‘केके’ ऱ्हस्व म्हटलं तर केक, दोन्ही स्वर लांबवले तर काख. आपल्या दिन आणि दीनसारखं. म्हणजे लांब सुरावर लांबच स्वर येईल असा शब्द शोधायचा, अर्थ सांभाळायचा आणि पडद्यावरचे ओठही. हे ज्यांनी केलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

2023 च्या जनगणनेत माओरी बोलता येतं म्हणणारे किती? 2 लाख 13 हजारांच्या वर काही. आणि आपण? 2011 च्या जनगणनेतले सव्वाआठ कोटींच्या वर. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर रात्रभर पेढ्यांचे फोटो. मीही टाकले, अभिमानाने, आणि तो अभिमान खराच आहे. पण मोआना हिंदीत बोलते, मराठीत मला कुठे सापडली नाही. मराठीला चाली बसत नाहीत का? ज्या भाषेत नाट्यसंगीत झालं, ओवी झाली, लावणी झाली, तिला मोआना जड जाईल? पैसे वसूल होणार नाहीत, असं मला एका ओळखीच्याने समजावलं. दोन लाखांच्या भाषेला परवडतं आणि आठ कोटींच्या भाषेला परवडत नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

इथे ते आपसूक आलेलं नाही, हेही सांगायला हवं. याच माओरी लोकांच्या आजी-आजोबांना शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार बसला होता. 1972 मध्ये तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत गेला, 1982 मध्ये माओरीतून चालणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या, 1987 मध्ये भाषेला कायद्याने मान मिळाला. आणि आजही शांतता नाही. चित्रपट लागायच्या दोन आठवडे आधी, 13 नोव्हेंबरला, माओरी आणि ब्रिटिश राजवट यांच्यातल्या 1840 च्या वाइतांगी करारासंबंधीच्या विधेयकाविरुद्धचा मोर्चा ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवरून गेला. पुलावर माणसंच माणसं, झेंडे, आणि गाणी. तीही एकट्याने गुणगुणायची नव्हती.

बहीण फोनवर म्हणालीच, “तुला मोआनाच्या मराठीची काळजी, पण तुझ्या लेकीला मराठी वाचता येतं का?” नाही येत. बोलते, पण इंग्रजीत उत्तर देते. मी सकाळी सातला घराबाहेर पडते, नवऱ्याची रात्रपाळी असते. रविवारचा मराठी वर्ग पाऊण तासावर. आम्ही काही प्रयत्न सोडलेले नाहीत. घरात मराठीच बोलतो, गणपतीत आरत्या तिला तोंडपाठ आहेत. वाचनाचं होईल हळूहळू. पुण्यात इंग्रजी शाळेत जाणाऱ्या किती मुलांना पेपर वाचता येतो, तेही मला माहीत आहे. तरी बहिणीचं ते बोलणं लागलं.

तक्ता तिला मी लावून दिलाय भिंतीवर. क, ख, ग, घ म्हणते आणि ङ आला की अडते. “आई, हा कशाला आहे?” वाङ्मय सोडलं तर आठवतच नाही मला काही, आणि आठ वर्षांच्या मुलीला वाङ्मय काय सांगणार? मी म्हणत आले, असतो तो, नुसता म्हणायचा.

काल बालवाडीतल्या बाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. मोआनातली समूहगीतं लावली, आणि त्यांनी मुलीला एक शब्द म्हणून दाखवला, टोकेलाऊचा, कुटुंब या अर्थाचा. लिहितात ‘ग’चं इंग्रजी अक्षर, पण उच्चार ‘ग’ नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ तिथे हमखास अडखळते, म्हणाल्या. मुलीने पहिल्याच फटक्यात बरोबर म्हटलं. बाईंनी परत म्हणायला लावलं. परत बरोबर. मग ती उठून खोलीत गेली, तक्त्यापुढे उभी राहिली, पेन्सिल शोधली आणि वहीत लिहून आणलं: काइङा. डोक्यावरच्या रेषेसकट, ङ च्या पोटाजवळचा टिंब जरा जास्तच जाड.

“आई, हा इथे लागतो.”

बाईंनी वही हातात घेतली आणि ते अक्षर कसं काढायचं ते तिला विचारलं.