67 फुटांचा दोर

सातवीला मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. साताऱ्याचा वेढा मी दर वर्षी साधारण त्याच वाक्यांत शिकवत आले : डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्यावर आला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला झुंजवला, मोगलांनी सुरुंग लावले, दुसरा सुरुंग त्यांच्याच अंगावर उलटला. ‘उलटला’ म्हटलं की वर्ग हसतो आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळते.

यंदा ठरवलं की मुलांना किल्ल्यावर न्यायचं, पण फिरवून आणायचं नाही. प्रत्येकाने काहीतरी उचलायचं, मोजायचं. बेचाळीस मुलं, मी, आमचे पीटीचे सर, तीन टेप, पाच किलो ज्वारीच्या सहा पिशव्या आणि शेजाऱ्यांच्या विहिरीवरून मागून आणलेला एक दोर. दोरावर मी आदल्या रात्री एकेका फुटावर दोऱ्याच्या गाठी मारल्या, 67 पर्यंत. त्यातली 42वी गाठ लाल.

पिशव्या पायथ्यापासून पाळीपाळीने वर न्यायच्या होत्या. पहिल्या वळणावरच कुरकुर सुरू झाली. अपशिंग्याची एक मुलगी मात्र पिशवी पाठीवर घट्ट बांधून गुमान चालत होती. तिच्या घरात तीन पिढ्या फौजेत. पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावलेलं गाव ते, ओझं कसं न्यायचं हे तिथल्या पोरीला मी काय सांगणार? तिनेच इतरांना पट्टे आवळायला शिकवलं.

महादरवाजाच्या आत मारुतीच्या देवळाजवळ बसून हिशेब केला. माणशी रोज अर्धा किलो धान्य, वेढा सुमारे साडेचार महिने, म्हणजे 130 दिवस धरू. एका माणसाला 65 किलो. किल्ल्यात पाचशे माणसं असती तर? साडेबत्तीस टन. ज्यांनी पाच किलोला नाकं मुरडली होती ती गप्प झाली. मग नैर्ऋत्येकडे सज्जनगड दाखवला. तेव्हाचा हा परळीचा किल्ला. तिथून मराठ्यांकडच्या परशुराम त्र्यंबकांनी आझमशहाशी संधान बांधून साताऱ्यात धान्य पोचतं ठेवलं, असं सांगितल्यावर एकाने विचारलं, ‘‘बाई, म्हणजे बादशहाच्या पोरानंच?’’ हो बाबा, पोरानंच. त्याचा तळ पश्चिमेला होता, तेच आजचं शहापूर. आणि खुद्द बादशहाचा तळ उत्तरेला करंज्यात. करंज्यात राहणारे चौघे एकदम उठून आपापली घरं शोधायला लागले. तंबू कुणाच्या गल्लीत होता यावर भांडण झालं, ते मी मिटवलं नाही.

मग ईशान्येच्या तटाकडे गेलो. सुरुंग याच कोपऱ्यात लावले होते. खाली 42 फूट उभा कातळ, त्यावर 25 फूट बांधकाम. दोर जमिनीवर सरळ पसरला आणि मुलांना त्याच्या बाजूने चालायला लावलं. लाल गाठीपाशी थांबून मी म्हटलं, इथवर देवाने बांधलंय, पुढचं माणसाने.

मी दोर गुंडाळत असताना मागे दोघांनी पायाने एक धोंडा लोटला. घागरीएवढा असेल. वेढ्यात वरून दगड लोटत, हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. धोंडा आधी आळसावल्यासारखा दोन कोलांट्या खाऊन गेला, मग एकदम उसळला आणि झुडपांत दिसेनासा झाला. नुसता आवाज येत राहिला. खाली सकाळी फिरायला येणाऱ्यांची पायवाट. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात एक पोरगा तटाच्या कडेला जाऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, ‘‘हुश्शाऽऽर! दगूड आलाऽऽ!’’ तिथल्या तिथे तीनदा. खालून कुणीतरी शिवी हासडली. शिवी ऐकून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या दोघांना पीटीच्या सरांनी घेतलं. चूक मुळात माझी होती, मुख्याध्यापकांनाही मी तेच सांगितलं.

ओरडणारा पोरगा वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. वर्षभरात त्याने हात वर केलेला मला आठवत नाही. ‘‘तुला बरं सुचलं रे,’’ म्हटलं तर म्हणाला, ‘‘मामाचं विहिरीचं काम हाय, बाई. सुट्टीत मी फडकं घेऊन रस्त्याव उभा ऱ्हातो. बत्ती द्यायच्या आधी माणसं थांबवायला.’’

मग आपणहून बोलला, ‘‘आन् बाई, त्यो सुरुंग उलटला न्हाई. दारू उलटत न्हाई.’’

‘‘मग?’’

त्याने काटकी घेऊन मातीत भोक पाडलं. ‘‘ह्यात दारू भरली की वरनं माती गच्च ठासायची. ढिली ऱ्हायली तर भोकातनंच फुस्स हुती. ठासली तर मग ती जागा हुडकती. जिकडं मोकळं, तिकडं जोर करती. विहिरीत चारी बाजूनं खडक, म्हून दगूड वर उडतो. हितं?’’ त्याने तटाबाहेर बोट केलं. ‘‘हितं भायेर धरायला हायेच काय? निस्ती हवा.’’

सगळी मुलं भोवती जमली होती. मी विचारलं, मग पहिला सुरुंग आत कसा काय फुटला? त्याने आतली माणसं मेली, प्रयागजी स्वतः ढिगाऱ्यात गाडले गेले आणि जिवंत उकरून काढले. तो जरा थांबला. ‘‘खोल गेला आसंल. किंवा पहिल्यानं खडक खिळखिळा झाला, म्हून दुसऱ्यानं भायेर पडला. बघितल्याबिगर काय सांगावं?’’

हे त्याचं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. इतिहासावर बोलणारे मोठमोठे लोकही ते म्हणत नाहीत.

मला स्वतःला आतापर्यंत दिसलं नव्हतं ते आता दिसलं. खिंडार पडलं की आत घुसायचं म्हणून मोगलांची फौज तटाच्या अगदी बुडाशी येऊन उभी होती. बुरूज कातळासकट बाहेर आला तेव्हा दोन हजारांच्या आसपास माणसं त्याखाली गेली. मी मुलांना हे दर वर्षी सांगत होते आणि मुलं हसत होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही, धोंड्याचा आवाज अजून कानात होता. तरी किल्ला टिकला नाही. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिल 1700 मध्ये किल्ला मोगलांना द्यावा लागला. त्यांनी त्याचं नाव आझमतारा ठेवलं. हे उतरताना चालता चालता सांगितलं.

घटक चाचणीत ‘साताऱ्याचा वेढा’ यावर टीप होती. त्या पोराने चारच ओळी लिहिल्या, सनाची अदलाबदल केली आणि उरलेल्या जागेत चित्र काढलं : कातळ, बुरूज, ठासणीची माती, बाहेर जाणारा बाण. खाली मोगलांची ठिपक्याठिपक्यांची गर्दी. गर्दीपासून बऱ्याच अंतरावर, हातात फडकं घेतलेला एक माणूस तुटक रेघांनी काढला होता. बाजूला लिहिलं होतं, ‘हा उभा नव्हता.’