दोन बोटं पाणी

उन्हाळ्यात बाग खरी कोणाची, हे सकाळी सातच्या सुमारास पाण्याच्या ताटलीपाशी कळतं. बुलबुल आधी काठावर बसतो, दोनदा मागे वळून बघतो, चोच बुडवतो आणि मान वर करतो. बहुतेक पक्ष्यांना पाणी ओढून घेता येत नाही. चोचीत भरायचं आणि मान उंचावून घशात उतरवायचं, असा एकेका घोटाचा कारभार. कबुतरं याला अपवाद. ती चोच बुडवून सरळ ओढत राहतात, म्हणून त्यांचं पाणी पिणं एवढं अधाशी दिसतं.

ताटली म्हणजे कुंडीखाली ठेवतात तीच, मातीची, फूटभर रुंद. खोली दोन बोटं, म्हणजे तीन-चार सेंटीमीटर, आणि काठाकडे त्याहूनही उथळ. पाण्याची चूक बहुतेकदा इथेच होते. दयाळूपणाच्या भरात माणसं बादली किंवा खोल भांडं भरून ठेवतात. चिमणीला त्यात पाय टेकत नाहीत. पिल्लू किंवा खार आत पडली तर गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही. घरात खोलच भांडं असेल तर आत एक खरबरीत दगड असा ठेवावा, की त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील. स्टील आणि प्लास्टिक उन्हात तापतं, शिवाय निसरडं. माती पाझरते आणि पाझरलेलं पाणी उडताना आतलं गार ठेवते. त्यामुळे ताटली रोज थोडी रिकामी होते, ही तक्रार करण्याची गोष्ट नव्हे.

जागा अर्ध्या सावलीतली हवी. दाट झुडपाला चिकटून ठेवली की मांजराची सोय होते. झुडपापासून सहा-आठ फूट लांब, पण पटकन उडून बसायला जवळपास एखादी फांदी असावी. डोक्यावर मात्र फांदी नको, नाहीतर सगळी विष्ठा पाण्यात. पाणी रोज बदलायचं आणि ताटली काथ्याने घासायची, साबण न लावता. गरम दिवसांत डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. रोज ओतून टाकलेल्या पाण्यात त्याला तेवढी सवड मिळत नाही. आणि चार दिवस कोणी फिरकलं नाही म्हणून ताटली इकडची तिकडे करू नये. पक्षी आधी लांबून जागा पारखतात.

पक्ष्यांच्या आधी बऱ्याचदा मधमाश्याच येतात. त्यांना हाकलू नका. त्या पाणी पोळ्यात नेतात, थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालून पोळं थंड करतात. बुडून मरतात त्या पाय टेकायला जागा नसते म्हणून. मूठभर खडे पाण्याच्या वर डोकावतील असे टाकले की काम झालं. पाण्याची एक जागा सापडली की त्या तिथेच येत राहतात, म्हणून ताटली भर दुपारी कोरडी पडू देऊ नये.

फुलपाखरांना उघडं पाणी फारसं नको असतं, चिखल हवा असतो. दुसऱ्या ताटलीत वाळू, वर थोडं शेणखत, चिमूटभर मीठ आणि वाळू ओली राहील इतकंच पाणी. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. सोंड रोवून बसतात ते बहुतेक नर, आणि ते क्षार शोषत असतात. चिमण्यांचं तर आणखी वेगळं. पाण्यात डुंबून झालं की त्यांना कोरडी मातीही लागते. एखाद्या कोपऱ्यात दोन फूट जागा खत-पाणी न घालता भुसभुशीत सोडा. पसाभर खड्डा करून त्या त्यात लोळतात, पिसांवरचं जास्तीचं तेल आणि बारीक कीड धुळीबरोबर झटकतात. बाग चकाचक ठेवणाऱ्यांना हा खड्डा खुपतो, आणि त्याच वेळी चिमण्या गेल्या कुठे म्हणून हळहळही वाटते.

गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल काप दिसले की हात औषधाच्या फवाऱ्याकडे जातो. थांबावं. सुरवंटाने खाल्लेलं पान वेडंवाकडं कुरतडलेलं असतं. हा काप नाण्याच्या कडेसारखा नेटका असतो, तो पानकापी माशीचा, म्हणजे मधमाशीच्या एका नातलगाचा. ती पानाच्या कडेवर बसते, पायांत कड धरते आणि जबड्याच्या कात्रीने वळत वळत काही सेकंदांत तुकडा काढते. शेवटचा धागा तुटायच्या आधीच पंख सुरू झालेले असतात. तुकडा पोटाखाली घेऊन ती पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात शिरते, त्याची सुरळी करते, आत पराग आणि मकरंद भरते, त्यावर एक अंडं. झाडाचं यात काही बिघडत नाही. फवारलं तर मात्र हीच माशी आधी मरते. वाळलेल्या पोकळ काड्या बुडापासून न छाटता वीतभर ठेवल्या तर तिला घर शोधत फिरावं लागत नाही.

झाडांना पाणी पहाटे, बुंध्याशी, आळं भरून. वर दोन-तीन इंच पालापाचोळा, पण खोडाला चिकटवून नाही. खोड सडतं. एक झारी मात्र पानांवर उडवावी. शिंजीर आणि शिंपी या चिमुकल्या पक्ष्यांना ताटलीपेक्षा ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करणं आवडतं.

दिवे लागल्यावर मोगरा उमलतो, पतंग घिरट्या घालू लागतात, आणि कुंडीमागच्या ओलीतून भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, बाहेर येतो. तो तोंडाने पाणी पीत नाही. पोट आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो, म्हणून सरळ ताटलीत बैठक मारतो. साबण नको म्हटलं त्याचं हेही एक कारण. त्याच्यासाठी एक ताटली जमिनीवरच असू द्यावी. सकाळी तिच्या तळाशी चिखलाचा थर दिसला तर समजायचं, पाहुणा रात्री येऊन बसून गेला. ताटली घासायची आणि पुन्हा दोन बोटं पाणी भरायचं.