न मागितलेला रंग

केळफूल निवडायला बसताना हाताला तेल लावायचे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. बाहीचे काय करायचे, ते मात्र कोणीच सांगून ठेवलेले नाही. परवा दुपारी माझ्या पांढऱ्या सुती कुडत्यावर चीक उडाला, तेव्हा तो पाण्याच्या थेंबाइतका निरुपद्रवी दिसत होता. संध्याकाळपर्यंत तो तपकिरी झाला, आणि साबण, लिंबू, ऊन असे सगळे उपचार करून झाल्यावर इस्त्रीवाल्याने कपडा उजेडात धरून ‘ताई, हा केळीचा आहे, जायचा नाही’ असा निकाल दिला. त्याच कपाटात माझा एक रेशमी दुपट्टा आहे. पहाटे वेचलेल्या पारिजातकाच्या फुलांचे देठ खुडून, मंद आचेवर पाणी तापवून मी तो मोठ्या हौसेने केशरी रंगवला होता, आणि त्याच्याकडे बघून आता तो कधी केशरी होता हे कोणाला पटणार नाही. मागितलेला रंग पळून जातो आणि न मागितलेला मुक्कामाला येतो, याचे मला फार वर्षे कुतूहल आहे.

चिपळूणजवळ आजोळी मे महिन्यात आमच्यासाठी ‘बोंडूचे कपडे’ वेगळे ठेवलेले असत. काजूच्या बोंडूचा रस अंगावर सांडणारच, हे गृहीत धरून आजी गेल्या वर्षीचे तोकडे झालेले झबले-परकर ट्रंकेतून काढून द्यायची, आणि सुट्टी संपेपर्यंत त्यांच्यावर तपकिरी नकाशे उमटलेले असायचे. वळवाचा एखादा पाऊस झाला, की सागाला कोवळी पाने फुटत. ती हिरवी, लवदार पाने तळहातावर चोळली की हात कुंकवाने माखल्यासारखा लाल होत असे. हिरव्या पानातून लाल रंग येतो, ही गोष्ट मला अजूनही पुरती पटलेली नाही. ते लाल हात आम्ही धाकट्या मावसभावाला ‘रक्त, रक्त’ म्हणून दाखवीत असू. बिब्याला मात्र हात लावायची सक्त मनाई होती, कारण तो उतला तर अंगभर फोड येतात. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करत त्या याच बिब्याच्या तेलाने, वर चुना लावून. आजीच्या पासोडीच्या कोपऱ्यात तशी एक काळी खूण होती. कापड विरून गेले, तरी खूण जागची हलली नव्हती.

पुढे मुंबईत मी स्वतः कापड रंगवू लागले, आणि हळूहळू माझे एक मत पक्के होत गेले, ज्याला घरात हट्ट म्हणतात. फुलांवर माझा विश्वास नाही. पारिजातकाच्या देठात केशरातले क्रोसेटिन हे रंगद्रव्यच असते, म्हणजे ते गरिबाचे केशर म्हणायला हरकत नाही. पण उन्हापुढे त्याचे काही चालत नाही. पळसाचा रंग होळीपुरता. हळदीबद्दल तर बोलायलाच नको. वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो, विसळल्यावर पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात राहिला की नाहीसा होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हळद आणि चुना यांच्या याच गुणातून कुंकू होते, तेवढाच तिचा लाल रंगाशी संबंध. जांभळाचे फळ जीभ आणि पदपथ दोन्ही जांभळे करते, पण त्याच्या रसात बुडवलेले कापड दोन-चार धुण्यांत उदास करडे होते. त्याच झाडाची साल, जिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही, ती उकळली तर जो तपकिरी उतरतो तो वर्षानुवर्षे राहतो. साल, मूळ, टरफल, कच्चे फळ अशा तुरट आणि अनाकर्षक वस्तूंवरच भिस्त ठेवावी, असे माझे मत आहे.

हा तुरटपणाच सगळे काम करतो. हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात सुती कापड रात्रभर भिजवून वाळवले, की त्यावर फिकट पिवळसर झाक येते, बाकी काही दिसत नाही. मग त्यावर लोखंडाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. माझ्या गॅलरीत गंजके खिळे, गूळ आणि पाणी यांची एक बरणी कायम आंबत असते (वासाबद्दल सोसायटीत एकदा विषय निघून गेला आहे). तो थेंब पडतो, क्षणभर तसाच राहतो, मग कडेपासून करडा होत जातो आणि बघता बघता मधोमध काळा ठिक्कर पडतो. तुरटी वापरली तर हेच काम सौम्यपणे होते: कापडाच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तुरटी घेतली, की तिच्यातले ॲल्युमिनियम एकीकडे धाग्याला आणि दुसरीकडे रंगाला धरून ठेवते. आता केळफुलाचा चीक तुरट, आणि आमची विळी अस्सल लोखंडी. म्हणजे माझ्या बाहीवर जो उद्योग झाला, तो कोणत्याही रंगाऱ्याने मान्य करावा इतका रीतसर होता. फक्त मला विचारलेले नव्हते.

मुंबईला ही विद्या नवी नाही. नायलॉन येण्याआधी इथले कोळी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, ती रंगासाठी नव्हे, तर खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून. आणि ज्या १८५६ साली ताडदेवला शहरातली पहिली कापडगिरणी सुरू झाली, त्याच साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनाइन करायच्या खटपटीत कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला. मंजिष्ठेच्या मुळातला लाल १८६९पर्यंत प्रयोगशाळेत तयार झाला, आणि जर्मन कारखान्यातली नीळ १८९७पासून बाजारात आली. मंजिष्ठा, आल (हेही मुळातून लाल रंग देणारे झाड), नीळ यांची शेती आणि व्यापार त्यानंतर बसतच गेला.

शिवाय या शहरात गोळा करायचे कुठून? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पळस, ऐन, खैर सगळे आहे, पण तिथले काही उचलायचे नाही, कारण १९७२चा वन्यजीव कायदा. आणि रस्त्यावरच्या झाडाची साल काढावी, तर १९७५चा वृक्षजतनाचा कायदा. दोन्ही कायदे योग्यच आहेत, साल सोलल्याने झाड मरते. त्यामुळे माझी सगळी भिस्त आपोआप खाली पडलेल्या गोष्टींवर आणि पावसाळ्याआधी पालिकेची माणसे फांद्या छाटतात, त्या ढिगांवर असते. ते ढीग बघताच मी रिक्षा थांबवते, हे घरातल्यांनी आता स्वीकारले आहे.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेले, तेव्हा शहरात पुष्कळ झाडे पडली. आमच्या गल्लीतले जुने जांभूळही मुळासकट आडवे झाले. दुसऱ्या दिवशी करवतवाले यायच्या आत मी कोयता आणि गोणपाट घेऊन खाली उतरले. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांच्या खिडकीत तेच झाड होते. ‘अगं, तुला काहीच वाटत नाही का?’ असे त्यांनी वरूनच विचारले. वाटत होते, पुष्कळ वाटत होते. पण साल ओली असतानाच सुटते, वाळली की लाकडाला धरून बसते, म्हणून मी खाली मान घालून सोलत राहिले आणि त्यांना उत्तर दिले नाही.