हळद, ऊन आणि एक रिकामी भिंत

थंडीत आमच्या बाहेरच्या खोलीत मावळतीचं ऊन फिरकत नाही. सूर्य समोरच्या इमारतीमागे लवकर बुडतो. वसंत लागला की तो इमारतीच्या कडेने बाहेर येतो आणि संध्याकाळी खिडकीतून थेट समोरच्या भिंतीवर येऊन बसतो. वर्षभर पोटात घातलेलं सगळं मग दिसायला लागतं. खिळ्यांची भोकं, सोफ्याच्या पाठीने घासून पडलेला पट्टा, विटलेले पडदे. यंदा त्या भिंतीकडे बघून मला अक्षरशः लाज वाटली. रंगकाम काढायचं नव्हतं, बाजारातून शोभेच्या वस्तू आणायच्या नव्हत्या. म्हटलं, घरात आहे त्यातूनच काहीतरी करू. नवीन काहीही विकत आणायचं नाही, एवढीच अट.

ही अट मला जड जायला नको होती, कारण ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा माझ्याकडे एक अख्खा कप्पा आहे. बुटांच्या खोक्यातले पातळ कागद, काचेच्या बरण्या, भेटवस्तूंच्या रिबिनी, काच असलेल्या पण आत काही नसलेल्या चार फ्रेमा. सगळं जमिनीवर मांडलं तेव्हा लेक म्हणाली, “आई, हे सजावटीचं सामान आहे की भंगार?” उत्तर देता आलं नाही.

पहिला प्रयोग कागदी फुलांचा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, दोन चुका तेवढ्या सांगते. कागदाला कापडासारखीच एक दिशा असते, तंतू त्या बाजूने लोळलेले असतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. पाकळी पेन्सिलीवर गुंडाळून वळवायची असेल तर पेन्सिल त्या तंतूंना समांतर धरायची. मी पहिल्या वीसेक पाकळ्या उलट्या कापल्या आणि त्या वळायच्या ऐवजी मुडपल्या. दुसरी चूक खळीची. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक चमक येईपर्यंत शिजवायची, इथपर्यंत बरोबर होतं. पण ती जाड लावली आणि फुलं नीट सुकण्याआधीच खोक्यात बंद केली. ओल आणि पिठूळ खळ म्हणजे कसरीला आमंत्रणच. चार दिवसांनी खोकं उघडलं तर दोन चंदेरी किडे सुळकन कोपऱ्यात गेले. वाचलेली सात फुलं छाटणीतल्या एका वाळक्या फांदीला बांधली आणि फांदी वाळू भरलेल्या बाटलीत उभी केली. बरी दिसते. भिंत मात्र तशीच.

मग पताकांचं डोक्यात आलं. एक जुनी सुती चादर मधोमध विरली होती, पण कडा शाबूत होत्या. कडांचे त्रिकोण कापले आणि हळदीच्या उकळत्या पाण्यात टाकले. काय रंग आला म्हणून सांगू! कोवळ्या उन्हासारखा पिवळाधम्मक. त्या आनंदात मी एक शहाणपणा केला. हळदीचा वास राहू नये म्हणून पताका साबणाच्या पाण्यातून काढल्या आणि बादलीत डोळ्यांदेखत सगळ्या लालभडक झाल्या. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं रंगद्रव्य, आम्लात पिवळं राहतं आणि साबण, सोडा अशा अल्कधर्मी पाण्यात लाल होतं, हे शाळेत शिकले होते. लिटमस म्हणून हळदीचा कागद वापरलाही होता. पण प्रयोगवहीतलं ज्ञान बादलीपाशी आठवत नाही. स्वच्छ पाण्यात व्हिनेगरचे थेंब टाकून पताका बुडवल्या तेव्हा पिवळा परत आला.

दोरीला घडी घालून, टाके मारून त्या मी खिडकीत टांगल्या. आठवड्याने पाहिलं तर पिवळा मलूल झाला होता. आणखी आठवड्याने जवळजवळ गेलाच. हळद कापडाला सहज चढते, पण उन्हात टिकत नाही. ज्यांना टिकाऊ रंग हवा आहे त्यांनी कापड आधी सोड्यात उकळून खळ काढावी, मग तुरटी लावावी आणि हळदीऐवजी कांद्याची सालं वापरावीत. हळदीपेक्षा तो रंग कितीतरी जास्त टिकतो. मला हे नंतर कळलं, आणि एका अर्थी बरं झालं.

कारण पताका उतरवताना मी टाके उसवले, दोरीवरची घडी उलगडली आणि आत पिवळ्या रंगाची एक सरळ, धारदार पट्टी निघाली. जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे रंग पहिल्या दिवसासारखा. एका पताकेवर तर रिबिनीच्या गाठीचा आकार उमटला होता, दोन कान आणि दोन शेपट्यांसकट. मी ती पताका हातात धरून बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. ऊन माझा रंग खातंय म्हणून मी चिडले होते, आणि ते तर चित्र काढत होतं.

शोधल्यावर कळलं की या प्रकाराला नाव आहे, अँथोटाइप. ग्रीकमध्ये ‘अँथोस’ म्हणजे फूल. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने 1842 साली फुलांचे आणि पानांचे रस कागदाला लावून उन्हात चित्रं उमटवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्याने सायनोटाइपही शोधला, ज्यातून पुढे इमारतींचे निळे नकाशे निघाले. चांदीच्या क्षारांवर उमटलेलं चित्र कायम करायला पुढे जे ‘हायपो’ नावाचं रसायन वापरलं गेलं, त्याचा गुण यानेच 1819 साली दाखवला होता. पण फुलांच्या रसातली चित्रं कायम करायचा उपाय त्याच्याकडेही नव्हता. आजही नाही. हे वाचून मला, का कोण जाणे, धीर आला.

आता माझी कृती, चुकांसकट. एक चमचा हळद आणि चार-पाच चमचे अल्कोहोल. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चटकन उतरतं. अल्कोहोल कुठून आणलं? कोविडच्या दिवसांत साठवलेलं पातळ सॅनिटायझर! जेलवालं चालत नाही, चिकट थर बसतो. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आसपास गॅस, उदबत्ती काहीही पेटतं नको. अर्ध्या तासाने जुन्या सुती कापडातून गाळायचं. गाळणं आळसाने टाळलं तर कागदावर हळदीचे कण राहतात आणि चित्राला देवी आल्यासारखं दिसतं. माझी पहिली दोन चित्रं तशी आहेत.

कागद जाड हवा. लेकीच्या चित्रकलेच्या वहीतली कोरी पानं मी तिच्या परवानगीने घेतली. रंगाचे दोन हात द्यायचे, पहिला सुकल्यावर दुसरा, आणि हे सगळं अंधाऱ्या खोलीत. सुकवायलाही कपाटात. मी एक कागद विसरून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर उन्हाआधीच तो अर्धा विटला.

पानं निवडण्यात मात्र खरी गंमत आहे, आणि यात मी आठवडाच्या आठवडा घालवला. जाड, मांसल पान नको. त्याचा फक्त एक ठोकळा उमटतो, शिवाय काचेखाली ते घामेजतं आणि कागदावर ओल्या डागाचं वलय पडतं. नेचा उत्तम. गाजराचा पाला त्याहून उत्तम, इतकी बारीक जाळी हाताने काढता येणार नाही. गवताचे तुरेही छान. ही सगळी आधी दाबून सुकवायची: शोषून घेणाऱ्या कागदांत ठेवून वर जड पुस्तकं, पहिले काही दिवस रोज कागद बदलायचे, दोनेक आठवडे धीर धरायचा. पान कागदाला जिथे पूर्ण टेकतं तिथेच कडा धारदार येते. जिथे उचललेलं असेल तिथे ऊन आत शिरतं आणि आकार धूसर होतो. एका नेच्याचं टोक असंच उचललेलं राहिलं होतं. त्या चित्रात नेचा वाऱ्यावर हलतोय असं वाटतं. ते मी मुद्दाम केलं असं सगळ्यांना सांगते.

पुठ्ठा, कागद, पान, वर फ्रेमची काच, चारी बाजूंनी चिमटे. भर दुपारच्या उन्हात दोन-तीन तास. ढगाळ दिवशी अख्खा दिवस जातो आणि तरी मनासारखं होत नाही. मधेमधे कोपरा उचलून बघायचा मोह आवरावा, पान सरकलं की दोन सावल्या पडतात.

पान काढल्यावर दिसतं ते फिक्या पिवळ्यावर गडद पिवळं. नाजूक, पण दुरून कोरा कागद वाटावा असं. इथे बादलीतली फजिती कामाला आली. साबणाने हळद लाल होते, तर मग चित्रही होईल की! धुण्याचा सोडा चिमूटभर पाण्यात घालून ब्रशने फिरवला आणि पानाचा आकार रक्तासारखा लाल उसळून वर आला. माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. सुकताना मात्र तो लाल ओसरला आणि मळकट तपकिरी उरला. या कामी टाकणखाराचं (बोरॅक्सचं) पाणी वापरतात असं वाचलं होतं. शेजारच्या काकूंकडे डबीत थोडा होता, त्यांनी चमचाभर दिला. (उसनं आणलेलं ‘विकत’ धरायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.) त्याने विटकरी रंग आला आणि सुकल्यावरही राहिला. हात लावताना मोजे घालावेत आणि ही डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

चार फ्रेमांत चार चित्रं बसली: नेचा, गाजराचा पाला, गवत आणि रिबिनीची गाठ उमटलेली ती पताका, जशीच्या तशी. लावायच्या कुठे? अर्थात भिंतीवर, पण ऊन पडतं तिथे नाही. संध्याकाळी बसून मी उन्हाचा चौकोन भिंतीवर पेन्सिलीने आखला, त्याच्या बाहेर दोन वीत जागा सोडून खिळ्यांची जुनीच भोकं वापरली. सोफा दीड फूट सरकवला, घासलेला पट्टा त्याच्या पाठीमागे गेला. कप्प्यातलं उरलेलं बरंचसं सामान रद्दीवाल्याला दिलं. बरण्या ठेवल्या. बरण्या देववत नाहीत.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी चहा घेताना लक्ष गेलं. गाजराच्या पाल्याच्या फ्रेमवर ऊन होतं. मी सूर्याला एका जागी धरून चालले होते. वसंतात तो रोज थोडा सरकून मावळतो, तसा भिंतीवरचा चौकोनही बाजूला सरकत येतो. चित्राचा डावा कोपरा तिरका फिकटला होता. मी फ्रेम उतरवली, पलीकडच्या भोकात लावली आणि उन्हाची नवी कड पुन्हा पेन्सिलीने आखली. आता दर रविवारी एक रेघ मारते. भिंतीवर सहा झाल्या आहेत, आणि लेक त्या पुसू देत नाही.