जेलीतली काच

दुपारी एक बाई आल्या आणि जेलीची अर्धी संपलेली बरणी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यात काच आहे. मुलाच्या दाताखाली आली." मी बरणी उजेडाकडे धरली. काळ्याजांभळ्या जेलीत तळाशी तिळाएवढे, टोकदार, चकचकीत खडे होते आणि क्षणभर मलाही ती काचच वाटली.

ही जेली रिपारियाची, म्हणजे उत्तर अमेरिकेत नदीकाठी आपोआप वाढणाऱ्या रानद्राक्षाची. फळ वाटाण्याएवढे, गर नावाला आणि आंबटपणा असा जहाल की हातमोज्यांशिवाय घड चुरले तर तळहात चुरचुरू लागतात. त्यातले टार्टारिक आम्ल रसातल्या पोटॅशियमशी मिळून जो क्षार बनतो, तो थंडाव्यात खड्यांच्या रूपाने सावकाश खाली बसतो. म्हणून रस निदान एक रात्र फ्रिजमध्ये निवळत ठेवायचा, भांडे न हिंदकळता वरचा रस तेवढा ओतून घ्यायचा आणि मगच साखर घालून तो १०४-१०५ अंश सेल्सियसपर्यंत आटवायचा, हा नेहमीचा क्रम. त्या हंगामात रस मुळातच थोडा होता. रानवेलींत नर आणि मादी वेगळ्या असतात, फळ मादीलाच धरते. तरीही आमच्या वाइनरीच्या व्यवस्थापकांनी मादीची कलमे न लावता स्वस्तात पडते म्हणून बियांची रोपे लावली होती, आणि बियांतून नरही उगवतात. चांगला रस वाइनला गेला, उरलेला "आजच्या आज उरका" या निरोपासह माझ्याकडे आला आणि मी तो उरकला.

चार खडे धुऊन मी बाईंसमोर उकळत्या पाण्यात टाकले. काच तशीच राहिली असती. हे खडे ढवळता ढवळता दिसेनासे झाले. हा द्राक्षाचाच क्षार आहे, बेकरीतही वापरतात, अपायकारक नाही, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "विरघळले ते दिसलं. पण मुळात आले कशाला?" मी "नैसर्गिक आहे" म्हणालो. रसाची एक रात्र आम्ही वाचवली होती, हे मात्र माझ्या तोंडून निघाले नाही. बदली बरणी न घेताच त्या गेल्या.

वाइनच्या बाटलीत हेच खडे दिसले की आमचे तळघरातले सहकारी पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवतात. तिथे मुलाच्या दाताखाली काही येत नाही, एवढाच काय तो फरक.

त्या घाण्याच्या उरलेल्या बरण्या मी संध्याकाळी एकेक करून दिव्यासमोर धरल्या. ज्यांत काहीच दिसले नाही त्याही बाजूला काढल्या, कारण खडे धरायला कधीकधी महिनेही लागतात.