हलगी तापवायची कुठं?

रविवार, २६ ऑक्टोबर

फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचेत आणि आज टॅलेंट शोच्या ऑडिशन उरकल्या. सुट्टी आहे तोवर हे करणं भाग होतं, कारण शाळा सुरू झाली की प्रत्येकाच्या क्लासची वेळ आडवी येते. नेरूळच्या शाळेने तळमजल्यावरचा एक वर्ग उघडून दिला. मुलांनी बाकं भिंतीला सारली, मध्ये जागा केली आणि तिघं वही-पेन घेऊन टेबलामागे बसली. मी मागच्या बाकावर. मोठ्यांनी मागच्याच बाकावर बसायचं, असं मी यंदा ठरवून टाकलंय.

इंटरॅक्ट म्हणजे रोटरीचा शाळकरी क्लब, बारा ते अठरा वयाच्या मुलांचा. वर्षाला निदान दोन उपक्रम करायचे असतात. एक शाळेसाठी किंवा आसपासच्या वस्तीसाठी, दुसरा परदेशांशी सामंजस्य वाढवणारा. पहिल्यासाठी मुलांनी चष्मे निवडले. तुर्भ्याकडच्या एका महापालिका शाळेत पावसाळ्यात डोळे तपासले, तेव्हा फळा धूसर दिसणारी, आणि तसं कुणालाच न सांगितलेली मुलं बरीच निघाली. वाढत्या वयात नंबर बदलत राहतो, त्यामुळे एकदा चष्मा देऊन भागत नाही. पुन्हा तपासणी, पुन्हा काच. त्याला पैसे लागतात, म्हणून हा टॅलेंट शो.

ऑडिशनला नाचच नाच. एकाच गाण्यावर चार गट आले, आणि प्रत्येक गटाला वाटत होतं की बाकीच्यांनी आपली स्टेप चोरली. रुबिक क्यूब सोडवणारा एकजण आला. हात सफाईचा, पण शेवटच्या रांगेला काय दिसणार? ‘मोबाइलने शूट करून पडद्यावर दाखवू,’ असं टेबलामागून लगेच उत्तर. आठवीतल्या एका पोराने लोकलमधल्या घोषणा करून दाखवल्या. पुढील स्थानक जुईनगर, मग सानपाडा, मग वाशी; मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही आवाज वेगळे, आणि मध्ये दाराशी उभ्या राहणाऱ्याचं ‘अंदर चलो भाई’. हसून हसून पुरेवाट. एक मुलगी गाताना दुसऱ्या कडव्यात अडली, थांबली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘मी पडद्याचं काम करू का?’ तिचं नाव बॅकस्टेजच्या यादीत पहिलं लिहिलं गेलं.

आवरताना मुलांच्या क्लबची सेक्रेटरी माझ्याजवळ आली. दहावीतली, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं सरळ.

‘काकू, ज्यांच्यासाठी करतोय ती मुलं त्या दिवशी कुठे असणार?’

‘पहिल्या रांगेत. खास बोलावलंय त्यांना.’

‘आणि करणार काय?’

‘बघतील ना कार्यक्रम.’

‘फक्त बघायचं? त्यांच्यात कुणाला काही येतच नसेल असं आपणच ठरवलं का?’

असं कुणी ठरवलं नव्हतं, तसा विचारच कुणी केला नव्हता. संध्याकाळी त्या शाळेच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘पाठवते की. पण तुमच्या ऑडिशनमध्ये बसवा हं, तशीच घेऊ नका.’ त्यांच्या या वाक्यावर मी अजून विचार करतेय.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आमच्या, मोठ्यांच्या रोटरी क्लबची बैठक. बटाटेवडे संपल्यावर मुद्द्याला हात लागला.

जागेचं आधी. शाळेचं मैदान मोठं, फुकट, पण रस्त्यापलीकडे हॉस्पिटल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, तिथे उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा म्हणजे कटकट ओढवून घेणं, आणि मुळात आजारी माणसांच्या उशाशी ढोल कशाला? मुलांच्या मनात वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह होतं. आमच्या खजिनदारांनी जमाखर्चाची वही नुसती उघडून दाखवली आणि विषय संपला. शाळेचंच सभागृह.

मग तिकिटं. आमच्यातल्या वकीलबाईंनी समजावून सांगितलं. शाळेच्या उपक्रमात मुलांनी गाणी सादर केली, रेकॉर्ड लावल्या आणि बघायला विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि उपक्रमाशी संबंधित माणसंच असली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. बाहेरच्या लोकांना तिकिटं विकायला बसलो की गाण्यांच्या परवान्यांचं बघावं लागेल. तेव्हा प्रवेश विनामूल्य, ज्यांना द्यायचंय त्यांनी देणगी द्यावी. दोन हजारांच्या वरची देणगी रोख दिली तर तिच्यावरची करसवलत मिळत नाही, म्हणून शक्यतो चेक किंवा यूपीआय. क्यूआर कोड मोठा छापायचं काम नववीतल्या मुलांकडे.

खरी वादावादी फोटोवरून. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, मध्यंतरात त्या शाळेच्या मुलांना स्टेजवर बोलावू, पाहुण्यांच्या हस्ते चष्मे देऊ, मागे बॅनर, फोटो. ‘देणगीदारांना काहीतरी दाखवायला नको का?’ माणूस वाईट नाही, स्वतःच्या खिशातून दरवर्षी सगळ्यांत जास्त देतो. वीस वर्षांपूर्वी मीही असल्या फोटोत उभी राहिले आहे. साडी ठरवून नेसून.

सेक्रेटरीला बैठकीला मुद्दाम बोलावलं होतं. ती उभी राहिली. ‘काका, मीपण चष्मा लावून शाळेत येते. मला चष्मा मिळाला तेव्हा कुणी फोटो नाही काढला. आईने नुसतं सांगितलं, सांभाळून वापर.’

कुणीतरी हसलं, मग सगळेच. काकाही. ठरलं ते असं: देणगीदारांना चष्मेवाल्याच्या बिलाची प्रत आणि एक पत्र. वाटप त्यांच्याच शाळेत, वर्गात, शाळेच्या वेळेत, हार-तुरे-कॅमेऱ्याशिवाय.

नंबर काढायचे की नाही, यात मात्र मी हरले. माझं म्हणणं, सेवेच्या कार्यक्रमात पहिला-दुसरा कशाला. मुलांचं म्हणणं, नंबर नसेल तर मोठे वर्ग येणारच नाहीत, ‘टाइमपास’ म्हणून सोडून देतील. मुलांचा कार्यक्रम आहे. नंबर काढायचे. माझं मत अजून बदललेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरू नानक जयंतीची सुट्टी, त्रिपुरारी पौर्णिमा आणि मराठी रंगभूमी दिन, सगळं एकाच दिवशी. त्यात आणखी एक भर. इंटरॅक्टचा पहिला क्लब अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मेलबर्न गावच्या हायस्कुलात निघाला तो १९६२ च्या ५ नोव्हेंबरला, म्हणून जगभर याच आठवड्यात इंटरॅक्ट सप्ताह असतो. आणि विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली केलेल्या प्रयोगाची आठवण आपण याच तारखेला काढतो. मुलांना हे सांगितलं तर म्हणाली, ‘मग भावे नाट्यगृह आपल्यालाच मिळायला हवं होतं.’

दिवसभर तालीम. कार्यक्रम करायचा अनुभव नसलेली माणसं आयटमचे मिनिट मोजतात आणि आयटमच्या मधले विसरतात. बावीस आयटम, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे तासाभरात उरकेल असं मुलांचं गणित. आज प्रत्यक्ष लावून बघितलं. खुर्च्या हलवा, माइकचा स्टँड खाली करा, पेनड्राइव्हमध्ये गाणं सापडत नाही, एकीचा घुंगरू विंगेत सुटतो. आयटमइतकाच वेळ मधल्या भानगडी खातात. त्यावर इलाज म्हणजे सगळी गाणी क्रमाने एकाच फोल्डरमध्ये, पडद्याआड पुढचा आयटम आधीच उभा, आणि निवेदकाच्या हातात दोन जादा किस्से. धाकट्यांचे आयटम आधी, कारण ते पेंगतात. प्रशस्तिपत्रकं मात्र सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांना एकदम, नाहीतर आपल्या पोराचं झालं की आईबाप निघतात आणि शेवटचे गट रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचतात. पाहुण्यांना भाषणाला तीन मिनिटं. शाल-श्रीफळ नाही. (हे लिहिताना हात थरथरतोय, आमच्या क्लबात शाल न देणं ही क्रांती आहे.)

तुर्भ्याची मुलं दुपारी आली. रीतसर ऑडिशन झाली. दोन आयटम घेतले, एक परत पाठवला. सेक्रेटरीने त्यांनाही तोंडावर सांगितलं, ‘पाठ नाहीये तुमचं.’ घेतलेल्यांतली एक आगरी मुलगी, आजीकडून शिकलेला धवला म्हणणार. लग्नघरात धवलारीण म्हणते तो, चालीला ठेका नाही, वाद्य नाही, त्यामुळे आमचा साउंडवाला गोंधळला. दुसरा सातवीतला हलगीवाला. त्याच्याबरोबर त्याचा चुलता आला होता, मूळचे सोलापूरकडचे, आता एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.

पोराने हलगी उचलली, टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, मारलं, आणि चुलत्याने मान हलवली. ‘ताई, जरा इस्तू पायजे. तापवल्याबिगर ती बोलायची न्हाय.’

सभागृहात लाकडी स्टेज, मखमली पडदे, आणि इस्तू, म्हणजे विस्तव! मी सुचवलं, ‘दादा, आता फायबरच्या पण मिळतात ना, तापवायला नको त्या?’

‘मिळत्यात की. पर त्यो डबा हाय, हलगी न्हाय.’

मुलांनी मग बैठकच मांडली. हेअर ड्रायर आणू का? विजेची शेगडी? दहावीतला एक म्हणाला, इस्त्री! चुलता ऐकून घेत होता, गालात हसत होता. शेवटी आमच्या वॉचमनकाकांनी प्रश्न सोडवला. गेटाजवळ, त्यांच्या केबिनच्या मागे, जुनी वर्तमानपत्रं जाळायची, शेजारी पाण्याची बादली. वादन विसाव्या क्रमांकावर. एकोणिसावा सुरू झाला की गेटवर फोन जाणार. जास्त आधी तापवून उपयोग नाही, कातडं पुन्हा सैल पडतं. फोन करायची जबाबदारी त्या पडदेवाल्या मुलीने मागून घेतली.

शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्र

पाय दुखतायत, पण झोप येत नाहीये, म्हणून लिहिते.

सुरुवात वीस मिनिटं उशिरा, पाहुणे पामबीच रस्त्यावर अडकले. दीपप्रज्वलनाची वात तेलात बुडालेली, चार काड्या गेल्या. बाकी कार्यक्रम पळाला. एकाच गाण्यावरचे चार गट मुलांनी एकत्र करून टाकले होते, स्टेजवर माणसंच माणसं, कुणाची स्टेप कुणी चोरली हे बघायला जागाच नाही. रुबिक क्यूबच्या वेळी प्रोजेक्टर रुसला, पोराने क्यूब घेऊन सरळ खाली उतरून रांगांमधून फिरत सोडवला, ते जास्त रंगलं. लोकलवाल्याने वाशीची घोषणा केली तशी मागची एक आजी खरंच पिशवी सावरून उठली, की मुद्दाम, देव जाणे.

धवला सुरू झाला तेव्हा आधी खुसफुस झाली. मुलगी हलली नाही, डोळे मिटून म्हणत राहिली. सहावी-सातवी ओळ असेल, डावीकडच्या रांगेतून दोन बायकांचा आवाज मिसळला. करावे गावातल्या, नातवाचा नाच बघायला आलेल्या. मग साउंडवाल्याने माइकचा आवाज आपणहून कमी केला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि हलगी. विंगेतून चुलता गरम हलगी फडक्यात धरून आला, पोराच्या हातात दिली, आणि पहिल्या टिपरूलाच मागच्या भिंतीवरचं घड्याळ हललं असं मला वाटलं. पोरगं थांबेचना. चुलता विंगेतून ‘आता बास’ म्हणून खुणावतोय, पोराचं लक्ष नाही. मोठ्या वर्गातली मुलं खुर्च्यांवर उभी. ज्या काकांना वाटपाचा फोटो हवा होता, ते मोबाइल उंच करून शूट करत होते. काढा म्हटलं काका, हा फोटो जरूर काढा.

नंबर लागला नाही त्याचा. चार मिनिटांच्या वर गेला म्हणून गुण कापले, आणि घड्याळ धरून बसली होती आमची सेक्रेटरीच. पहिला लोकलवाला आला. आम्हा मोठ्यांत कुजबुज सुरू झाली की निदान एखादं उत्तेजनार्थ तरी द्यावं, ‘तेवढंच त्यांना बरं वाटेल.’ सेक्रेटरी म्हणाली, ‘आमच्या डान्सचे पण कापलेत की.’ पोरगं तिच्याशी भांडायला आलं, ‘शिट्टी ऐकूच आली न्हाय मला!’ ती म्हणाली, ‘तूच वाजवत होतास, कशी येणार?’ दोघंही चिडलेली. पाच मिनिटांनी बघते तर समोसे खाताना तो तिला टिपरू कसं धरायचं ते दाखवतोय आणि तिला ते काही केल्या जमत नाहीये.

सोमवार, १० नोव्हेंबर

हिशेब लागला. साउंड, प्रशस्तिपत्रकं, समोसे वजा जाऊन यंदाचे चष्मे नक्की होतात, पुढच्या वर्षीच्या तपासणीलाही थोडे उरतात. चष्मेवाला त्या शाळेत जाऊन फ्रेमची मापं घेणार आहे. रंग मुलांनी निवडायचे, ही अट मुलांचीच.

दुपारी त्या शाळेच्या बाईंचा फोन. आभार वगैरे झाले, मग म्हणाल्या, ‘आमच्या आठवीच्या मुलांनी विचारलंय, हे इंटरॅक्ट आमच्यात निघतं का?’

नियमात अडचण काहीच नाही. क्लब शाळेचा असू शकतो, वस्तीचाही असू शकतो, पाठीशी एक रोटरी क्लब लागतो आणि वय बसावं लागतं. मी दोन-तीन सदस्यांना फोन करून चाचपणी केली. एक म्हणाले, छान कल्पना. दुसरे म्हणाले, छान आहे, पण ती मुलं कसला सेवा उपक्रम करणार, त्यांनाच तर आपण मदत करतो. सेक्रेटरीला हे सांगितलं, तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. ‘आमच्या शाळेत कुणालाच हलगी येत नाही. शिकवा म्हणावं. ती सेवा नाही का?’

गुरुवारी बैठक आहे. विषयपत्रिका माझ्याकडे असते. हा विषय मी पहिला टाकलाय, बटाटेवड्यांच्या आधी.